रुपयाचं नाणं, फोनचं कार्ड आणि पीसीओवाला: पैसे राखायचे कोणी?

घरच्या फोनचं बिल महिन्याच्या शेवटी आलं तरी चालतं, कारण कंपनीकडे तुमचा पत्ता असतो. रस्त्यावरच्या फोनवरून बोलणारा माणूस मात्र रिसीव्हर टांगला की गर्दीत नाहीसा होतो. त्याच्याकडून पैसे घ्यायचे ते तिथल्या तिथे. बरं, प्रत्येक फोनशेजारी पगारी माणूस बसवायचा, तर फोनची कमाई त्याच्या पगारातच जाणार. मग यंत्राने पैसे घ्यायचे कसे, मोजायचे कसे आणि सांभाळायचे कसे? नाण्याचा डबा, प्रीपेड कार्ड आणि आपल्याकडचा एसटीडी-पीसीओ ही या एकाच अडचणीवरची तीन उत्तरं. नाण्याच्या जागी कार्ड आलं ते लोकांच्या सोयीसाठी, असा सर्वसाधारण समज आहे. मला विचाराल तर कार्डाने आधी कंपनीची सोय झाली. आपली झाली ती ओघाने.

सुरुवात नाण्यापासून करू. १८८९ साली अमेरिकेत कनेक्टिकटमधल्या हार्टफर्ड शहरात विल्यम ग्रे याचा नाण्यावर चालणारा फोन सुरू झाला. तेव्हा पैसे बोलणं झाल्यावर टाकायचे. पुढे आधी पैसे, मग बोलणं अशी पद्धत रुळली. पण पैसे टाकले हे लांब एक्स्चेंजमध्ये, म्हणजे फोन जोडून देणाऱ्या केंद्रात, बसलेल्या ऑपरेटरला कळणार कसं? तर आवाजावरून. फोनच्या आत छोट्या घंटा असायच्या आणि खाली पडणारं नाणं त्यांवर आपटायचं. पाच सेंटच्या नाण्याला एक टिंग, दहा सेंटला दोन, पंचवीस सेंटला एक भारदस्त ठण्ण. ऑपरेटर कान देऊन हिशेब करायचा आणि मग लाइन जोडून द्यायचा.

ऑपरेटरची जागा यंत्राने घेतल्यावर घंटांच्या जागी बीप आले. पाच सेंटला एक, दहाला दोन, पंचवीसला पाच. बीपमध्ये १७०० आणि २२०० हर्ट्झचे दोन सूर एकत्र वाजायचे. इथेच घोटाळा झाला. ‘पैसे पोचले’ हा फोनचा निरोप ज्या तारेवरून जायचा, त्याच तारेवरून बोलणाऱ्याचा आवाजही जायचा. कुणीतरी तेच दोन सूर काढणारी डबी बनवली, रिसीव्हरच्या तोंडाशी धरली आणि एक पैसा न टाकता एक्स्चेंजला पाच बीप ऐकवले. एक्स्चेंजच्या लेखी पंचवीस सेंट जमा! या डबीला ‘रेड बॉक्स’ म्हणत. ती बनवायला फार अक्कल लागत नसे, म्हणून तिचा प्रसारही झाला.

नाण्याचा आतला प्रवास बघण्यासारखा आहे. फटीतून टाकलेलं नाणं लगेच गल्ल्यात पडत नाही. वाटेत एका छोट्या कप्प्यात ते अडकून राहतं, कारण फोन लागेल की नाही हे अजून ठरायचं असतं. अमेरिकेतल्या फोनमध्ये एक्स्चेंज तारेवरून १३० व्होल्टचा झटका पाठवायचं. झटका एका दिशेचा असला तर कप्प्याचं झाकण गल्ल्याच्या बाजूला उघडायचं, उलट्या दिशेचा असला तर नाणं खालच्या वाटीत परत. ब्रिटनमध्ये १९२५ पासून हेच काम बोलणाऱ्याच्या बोटावर सोपवलं होतं. पलीकडून ‘हॅलो’ आलं की ‘ए’ बटण दाबायचं, मग नाणी गल्ल्यात जायची आणि तुमचा आवाज पलीकडे पोचायचा. कोणी उचललाच नाही तर ‘बी’ दाबून नाणी परत घ्यायची. आधीचा माणूस बी दाबायला विसरला असेल या आशेने येताजाता ते बटण दाबून बघणं हा तिकडच्या पोरांचा उद्योगच होता.

आपल्याकडचा पानटपरीवरचा, किराणा दुकानाबाहेरचा एक रुपयावाला डबा याच वळणावरचा, फक्त बटणांशिवाय. नंबर फिरवायचा, पलीकडच्याने उचलला की ‘हॅलो... हॅलो, कोण बोलतंय?’ हे आपल्याला स्पष्ट ऐकू यायचं, पण आपला आवाज त्याला जायचा नाही. रुपया आत पडला की मगच तोंड उघडं व्हायचं. समोरच्याने फोन उचलला हे डब्याला कळायचं कारण त्या क्षणी एक्स्चेंज तारेतल्या विजेची दिशा उलटी करायचं. वेळ संपत आली की पीप पीप वाजायचं आणि खिशात दुसरा रुपया शोधायची धांदल उडायची. या रचनेत एक फट होती आणि ती आपल्या लोकांनी बरोबर हेरली. घंटी वाजली आणि कोणी उचलला नाही, तर रुपया लागतच नव्हता. मग ‘दोन रिंग दिल्या की समज, पोचलो’ असा घरात संकेत ठरायचा. मिस्ड कॉलची सवय मोबाइलच्या आधीपासूनची आहे ती अशी.

खरं नाणं कोणतं आणि लोखंडी वॉशर कोणता, हे डबा ठरवतो मापावरून. व्यास आणि जाडी फटीवर तपासली जाते, वजन एका तरफेवर, आणि धातू चुंबकाने किंवा तारेच्या वेटोळ्यांनी. म्हणजे डबा नाण्यावरचा आकडा वाचत नाही, फक्त अंगकाठी बघतो. त्यामुळे टांकसाळीने नाणं बदललं की डबे गोंधळात. भारतात १९९२ पासूनचा रुपया २५ मिलिमीटर व्यासाचा आणि ४.८५ ग्रॅम वजनाचा होता. २०११ च्या मालिकेत तो लहान होऊन सुमारे २२ मिलिमीटर आणि ३.७९ ग्रॅमवर आला. गंमत पुढेच आहे. त्याच मालिकेतलं दोन रुपयांचं नाणं नेमकं २५ मिलिमीटर आणि ४.८५ ग्रॅमचं! म्हणजे जुन्या मापाच्या डब्याला नवा रुपया परका, आणि नवे दोन रुपये म्हणजे त्याचा ओळखीचा एक रुपया. तोवर मोबाइलने या डब्यांचा निकाल लावत आणला होता, नाहीतर यावर किती भांडणं झाली असती कोण जाणे.

पण कंपन्यांचा खरा वैताग वॉशरचा नव्हता. नाणं टाकल्यावर ते रस्त्यावरच्या डब्यात पडून राहतं, हे खरं दुखणं. शहरात हजारो फोन म्हणजे शहरभर उघड्यावर ठेवलेल्या हजारो तिजोऱ्या. पहार घेऊन डबे फोडणं, परतीच्या वाटीत कागद कोंबून दुसऱ्यांचे पैसे अडकवणं आणि रात्री येऊन काढून घेणं हे चालायचंच. फुटलेल्या डब्यातून मिळणारे पैसे किरकोळ, दुरुस्तीचा खर्च भलामोठा. शिवाय गाडी फिरवून नाणी गोळा करायची, पोती वाहायची, मोजायची, बँकेत भरायची. डबा गच्च भरला तर फोन धडधाकट असूनही बंद. आणि दर वाढवायचा म्हटलं की प्रत्येक डब्याच्या आतली यंत्रणा बदला.

इटलीने यातल्या दरवाढीच्या भानगडीवर जुनाच तोडगा काढला होता. नाण्याऐवजी टोकन. १९२७ मध्ये मिलानच्या जत्रेच्या, म्हणजे तिथल्या मोठ्या व्यापारी प्रदर्शनाच्या निमित्ताने ही टोकनं आली. त्यांना जेत्तोने म्हणतात. ब्राँझ रंगाची, अंगावर खाचा असलेली चकती. दर वाढला की टोकन विकायची किंमत वाढवायची, डब्याला हात लावायची गरज नाही. पण टोकनाची किंमत सगळ्यांना ठाऊक असल्यामुळे ते हळूहळू पैशासारखंच फिरायला लागलं. १९७० च्या दशकात इटलीत सुट्ट्या नाण्यांची भयंकर टंचाई झाली, तेव्हा दुकानदार सुट्ट्यांऐवजी गोळ्या-चॉकलेटं द्यायचे (आपल्याला यात नवल वाटायचं कारण नाही), नाहीतर फोनचं टोकन. बँकांनी तर छोट्या रकमांचे चेक छापून वाटले. शेवटी शेवटी एक टोकन म्हणजे २०० लिरा हे पक्कं झालं होतं आणि २००१ संपेपर्यंत ते चाललं.

त्याच टंचाईच्या दिवसांत, १९७६ साली, इटलीतच फोनसाठी प्रीपेड चुंबकीय कार्ड निघालं. रस्त्यावर सुट्टे नाहीत आणि डबे फोडणारे आहेत, तर डब्यात पैसेच कशाला ठेवायचे, असा साधा हिशेब. पैसे आधीच दुकानात द्यायचे आणि फोनने फक्त कार्डातले युनिट, म्हणजे आधी विकत घेतलेल्या बोलण्याचे तुकडे, खायचे. मुंबईकरांना हे समजवायची गरज नाही. पूर्वी लोकलची सीव्हीएम कुपनं आधी विकत घेऊन ठेवायची आणि प्रवासाच्या वेळी यंत्रात घालून शिक्का मारायचा, त्यातलाच हा प्रकार. वापरलेलं कुपन पुन्हा चालू नये ही काळजी तिथे होती, इथेही होती. या काळजीतून कार्डाच्या तीन जाती निघाल्या.

पहिली जात उजेडाची. लँडिस अँड गायर या स्विस कंपनीची ही कार्डं. बेल्जियमने ती आधी वापरली, १९८१ मध्ये ब्रिटनमध्ये हिरव्या रंगात आली. कार्डावरच्या पट्टीखाली अतिसूक्ष्म रेषांची नक्षी असते. फोन तिच्यावर न दिसणारा किरण टाकून नक्षी शाबूत आहे का बघतो आणि बोलणं चालू असताना एकेक घर गरम करून पुसत जातो. पुसलेलं घर पुन्हा उमटवता येत नाही, आणि पट्टीवर खुणा दिसत असल्याने किती उरलं हे साध्या डोळ्यांना कळतं.

दुसरी जात चुंबकाची, कॅसेटच्या फितीसारखी. जपानने डिसेंबर १९८२ मध्ये ही कार्डं आणली आणि ती तुफान चालली. लग्नाच्या आहेरापासून दुकानाच्या जाहिरातीपर्यंत सगळीकडे टेलिफोन कार्ड. कार्डाच्या एका कडेला छोटी अर्धगोल खाच असायची, म्हणजे अंध माणसालाही कार्ड कुठल्या बाजूने घालायचं हे बोटाने कळावं. वापर होईल तसं फोन कार्डाला बारीक भोक पाडायचा. पण फितीवर जे लिहिता येतं ते पुन्हाही लिहिता येतं. संपलेली कार्डं गोळा करून, भोकं बुजवून, त्यात पुन्हा युनिट भरून ती रस्त्यावर स्वस्तात विकण्याचा धंदा उभा राहिला. शेवटी ३००० आणि ५००० येनची मोठी कार्डं विक्रीतूनच काढून घ्यावी लागली. नाण्याच्या काळात चोराला डबा फोडायला रस्त्यावर यावं लागायचं, आता त्याचं काम घरी बसून व्हायला लागलं.

तिसरी जात चिपची, फ्रान्सची. रोलाँ मोरेनो यांनी १९७४ मध्ये चिप बसवलेल्या कार्डाचं पेटंट घेतलं आणि १९८० च्या दशकात फ्रान्सच्या फोनखात्याने ते ‘टेलेकार्त’ म्हणून देशभर नेलं. ५० युनिटचं एक, १२० युनिटचं दुसरं, तंबाखूच्या दुकानात मिळायचं. आत कसलाही संगणक नव्हता, होती ती चिमुकली स्मृती. एकेक युनिट म्हणजे त्यातला एकेक कप्पा. एक्स्चेंजकडून वेळेचा ठोका आला की फोन एक कप्पा ‘खर्च झाला’ म्हणून भरून टाकायचा. गणित उलट करायची, म्हणजे भरलेला कप्पा रिकामा करायची वाट फोनला ठेवलेलीच नव्हती. आज तुमच्या बँकेच्या कार्डावर आणि सिमवर जो सोनेरी चौकोन दिसतो, तो लाखो लोकांच्या हाती पहिल्यांदा पोचला तो या फोनकार्डातून.

आता पैशाकडे बघा. नाण्यात कंपनीला पैसे मिळायचे बोलणं झाल्यावर, डबा उघडल्यावर, गाडी आल्यावर. कार्डात पैसे मिळतात बोलण्याच्या कितीतरी आधी. मधल्या काळात ती रक्कम कंपनी बिनव्याजी वापरते. शेवटचे दोन-तीन युनिट उरलेलं कार्ड लोक पाकिटात विसरतात, हरवतात, आवडत्या चित्राचं असलं तर जपून ठेवतात. त्या सगळ्या युनिटचे पैसे आले, पण फोन कधी झालाच नाही. कार्डाच्या पाठीवर जाहिरात छापायचे पैसे वेगळे. जगभर फोनकार्डं जमवणाऱ्यांचे गट निघाले, याचा सर्वात जास्त आनंद कार्ड विकणाऱ्यांना झाला असणार.

बोलणाऱ्याला काय मिळालं? लांबच्या फोनला फायदा झाला हे कबूल करायला हवं. दुसऱ्या देशात फोन लावून एका हाताने रिसीव्हर आणि दुसऱ्या हाताने भराभर नाणी ढकलत बोलणं म्हणजे बोलणं कमी आणि हमाली जास्त. कार्डात युनिट जेवढे बोललात तेवढेच जातात. नाण्यात तसं नाही. जपानच्या फोनमध्ये १०० येनचं नाणं टाकून दहा येनचं बोललात, तरी बाकीचे परत मिळत नाहीत. पण ज्याला वर्षातून एकदा, रात्री अकरा वाजता, परक्या गावात फोन करायचा आहे, त्याचं कार्डाने नुकसानच केलं. पॅरिसमधले बहुतेक फोन पुढे फक्त कार्डावर चालायला लागले. खिशात नाणी खुळखुळतायत, समोर फोन आहे, आणि कार्ड विकणारं दुकान बंद. नाणं कुणाकडेही असतं. कार्ड असतं ते नेहमीच्या गिऱ्हाइकाकडे.

भारतात मात्र हे नाणं विरुद्ध कार्ड भांडण कधी रंगलंच नाही. कारण आपण डब्याशेजारी माणूस बसवला, आणि तोही पगारी नाही. १९८० च्या दशकात दूरसंचार तज्ज्ञ सॅम पित्रोदांच्या काळात सार्वजनिक फोन खासगी माणसाच्या हाती कमिशनवर देण्याचं धोरण आलं आणि गल्लोगल्ली पिवळ्या पाट्यांचे पीसीओ उघडले. बूथ देताना अपंगांना प्राधान्य होतं, त्यामुळे अनेकांची घरं त्यावर चालली. काचेची केबिन, आत फोन, बाहेर काउंटरवर लाल आकडे पळवणारा मीटर आणि शेवटी टरटर करत निघणारी बिलाची चिठ्ठी. पैसे बोलून झाल्यावर, सुट्टे नसतील तर ‘उद्या द्या’. ओळखीच्या गिऱ्हाइकाला उधारी देणारा सार्वजनिक फोन युरोपच्या कुठल्या इंजिनिअरने कागदावरसुद्धा काढला नसता. रात्री अकरानंतर एसटीडीचा दर पाव व्हायचा, म्हणून अकराच्या ठोक्याला बूथबाहेर रांग लागायची. केबिनमधल्याचं बोलणं लांबलं की रांगेतले काचेतून डोळे वटारायचे, कारण मीटर त्याचा पळत असला तरी वेळ सगळ्यांचा जात होता.

रुपयाच्या डब्याचंही तेच. तो दुकानाच्या दारात टांगलेला, किल्ली दुकानदाराकडे. युरोपात ज्या नाण्यांसाठी गाड्या फिरत होत्या, ती नाणी इथे संध्याकाळी दुकानदार स्वतः काढायचा आणि गिऱ्हाइकांना सुट्टे म्हणून परत द्यायचा. किराणा दुकानात चिल्लर कधीच पुरत नाही. त्यामुळे तिकडे जो कंपनीच्या डोक्याला ताप, तो इकडे दुकानदाराला फायदा. डबा फोडायला कोणी धजावत नसे, कारण दिवसा दुकानदार समोर बसलेला आणि रात्री डबा शटरच्या आत. नाण्याच्या फोनचे जे तोटे मोजून युरोपने कार्ड आणलं, ते इथे मुळातच कमी होते. म्हणून आपल्याकडे चिपची कार्डं घेणारे फोन रस्त्यारस्त्यावर उभे राहिले नाहीत, आणि त्याचं वाईट वाटून घ्यायचं काही कारणही दिसत नाही.

मराठी माणसाच्या हातात फोनकार्ड आलं ते बहुतेक परदेशात, आणि तेही चौथ्या जातीचं. या कार्डात चिप नसते, फीत नसते. खरवडायची एक राखाडी पट्टी आणि तिच्याखाली लांबलचक आकडा. एका ठरावीक नंबरावर फोन करायचा, तो आकडा दाबायचा, मग घरचा नंबर. पैसे कार्डात नसतात. दूरच्या संगणकात त्या आकड्याच्या नावावर खातं असतं. त्यामुळे फोन कुठलाही चालतो, घरचा, हॉस्टेलचा, रस्त्यावरचा. रत्नागिरी-दापोलीकडून आखातात गेलेल्यांनी आणि अमेरिकेत शिकायला गेलेल्या पोरांनी अशी कार्डं ढिगाने वापरली. तिकडच्या भारतीय किराणा दुकानात काउंटरमागे रंगीबेरंगी कार्डांची माळच लटकलेली असायची.

इथे फसवणुकीची दिशा बदलली. नाण्याच्या फोनला गिऱ्हाईक चकवायचं, इथे कार्डवाला गिऱ्हाइकाला चकवायला लागला. कार्डावर ठळक अक्षरात भरघोस मिनिटं, आणि पाठीमागे मुंगीच्या अक्षरात जोडणीचा आकार, आठवड्याचा देखभाल आकार, मिनिटं पुढच्या टप्प्यावर मोजण्याचा नियम. एकाच दमात सगळं बोललात तर मिनिटं जवळपास पुरायची. चार वेळा थोडं थोडं बोललात तर निम्मी गायब. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने, म्हणजे ग्राहकांची फसवणूक रोखणाऱ्या तिथल्या सरकारी संस्थेने, जाहिरातीपेक्षा कमी मिनिटं देणाऱ्या कार्ड कंपन्यांवर खटले भरले ते याचसाठी. नाणं डब्यात अडकलं तर निदान डब्याला थाप मारता यायची. इथे पलीकडे फक्त यंत्राचा आवाज, ‘आपली शिल्लक संपली आहे.’

मोबाइलने पुढे नाणं, कार्ड आणि पीसीओ सगळ्यांनाच घरी पाठवलं. न्यूयॉर्क शहराने आपला शेवटचा सार्वजनिक फोन मे २०२२ मध्ये टाइम्स स्क्वेअरजवळून उचलला. जर्मनीत नोव्हेंबर २०२२ मध्ये नाणी घेणं बंद झालं आणि जानेवारी २०२३ संपताना कार्डंही. जपानने मात्र काही फोन मुद्दाम ठेवले आहेत आणि त्यामागे भूकंपाचा अनुभव आहे. १९९५ च्या कोबेच्या भूकंपात वीज गेली तेव्हा फोनमधली कार्ड वाचणारी यंत्रणा बंद पडली आणि नाण्यांवर चालणारे फोन चालू राहिले, कारण फोनला लागणारी वीज टेलिफोनच्या तारेतूनच येते. मग लोकांची एवढी झुंबड उडाली की नाण्यांचे डबे तुडुंब भरले आणि तेही बंद पडले. आता तिथे मोठ्या आपत्तीत सार्वजनिक फोन फुकट केले जातात. जपानला जाणार असाल तर दहा येनची चार-पाच नाणी वेगळी ठेवा. शंभराचं टाकलंत तर सुट्टे मिळायचे नाहीत, आणि पोलीस किंवा अग्निशमन दलाला फोन करायचा असेल तर नाणंही लागत नाही.